चढ नसलेला टप्पा

"तुमचे शिक्के म्हणजे अगदी छापखाना, शारोल्ता नेनी," केमेनेश म्हणाला. त्यानं अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं आणि जरासा थांबला. "हा एक सोडून."

तो काही वाईट हेतूनं बोलला नाही; 'नेनी' म्हणजे मावशी, तेही तो आदरानंच म्हणाला. सबंध हंगेरीतून पायी चालत जायच्या निळ्या वाटेच्या बुडापेस्टमधल्या कचेरीत बसून लोकांच्या वह्या तपासायच्या, पश्चिमेच्या डोंगरापासून ईशान्येच्या सरहद्दीपर्यंतचा एकेक टप्पा भरलाय की नाही ते बघायचं, आणि सगळे शिक्के जागच्या जागी असले की बिल्ला काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. चिखलानं, पावसानं आणि वाइनच्या डागांनी बरबटलेली पानं दिवसभर उलटून कंटाळलेल्या माणसाला अशी लख्ख वही दिसल्यावर काहीतरी बोलावंसं वाटणारच. आणि शारोल्ताची वही लख्ख होतीच. पोस्टाच्या खिडकीत तेहेतीस वर्षं काढलेली बाई ती. शाई एकदाच लावायची, मनगट सैल सोडायचं, शिक्का सरळ खाली न्यायचा आणि सरळ वर उचलायचा. घाई नाही, दाब नाही. ह्या एका गोष्टीचा तिला मनातल्या मनात मोठा अभिमान होता, आणि म्हणूनच केमेनेशनं बोट ठेवलेलं पान बघायला ती जरा गमतीनंच पुढे वाकली. शिक्का चांगलाच डावीकडे कललेला होता. एका कडेला शाई नुसती थापलेली, दुसऱ्या कडेला अक्षरंच नाहीत. 'कोवाचरेत' ह्या गावाच्या नावातलं नुसतं 'कोवा' उठलं होतं. खाली तारीख होती, तिच्या नवऱ्याच्या, लोरांदच्या, बारीक टोकदार अक्षरात : १९८६, ऑक्टोबर ११.

तारखा लोरांदच लिहायचा. तो नकाशांच्या कचेरीत रेषा काढणारा माणूस, त्याचं अक्षर मुंगीच्या पायाएवढं. शिक्के शारोल्ता मारायची, दोघांच्याही वह्यांवर. त्यांच्या संसारात कामाची वाटणी इतकी काटेकोर दुसऱ्या कशाचीच झाली नव्हती. अगदी पहिल्या टप्प्याला लोरांदनं एकदा शिक्का कोऱ्या कागदावर मारून बघितला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "हा काय प्रकार? शिक्का मारलास की माशी?" त्यानं तो कागद चुरगाळून खिशात घातला आणि पुन्हा कधी शिक्क्याला हात लावला नाही. तो वही उघडून नेमकं पान पुढे धरायचा आणि ती शिक्का मारायची. मग हा कुणी मारला? शारोल्ताच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा, भर सकाळी, केमेनेशच्या टेबलावरच्या थंड कॉफीच्या वासात.

"अहो, चालतंय हो," केमेनेश म्हणाला. "तिरका तर तिरका. पायानं चाललात ना? मग झालं."

"द्या ती वही इकडे."

"आणि बिल्ला?"

"उद्या नेईन."

"एवढी वर्षं चालून आता उद्या? लोक माझ्या हातातून ओढून घेतात."

"मग त्यांना द्या," असं म्हणून तिनं वही पिशवीत टाकली आणि ती जिना उतरली. तिचा आवाज चढला होता हे तिला रस्त्यावर आल्यावर कळलं.

ट्राम पुलावर आली तेव्हा दुना नदीवर ऊन होतं, पण शारोल्ताच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. त्या दिवसाचं धुकं. ते पान तिनं इतक्या वर्षांत कधी नीट बघितलं नव्हतं. वही चाळताना ते आलं की अंगठा आपोआप दोन पानं एकदम उचलायचा. पण दिवस मात्र तिच्याजवळ जसाच्या तसा होता, ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखा. फुझेश गावाहून कोवाचरेतपर्यंत, अठरा किलोमीटर. पांढरं, दाट, ऊबदार धुकं. ऑक्टोबरात ऊबदार धुकं कसलं, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. बीच जातीची झाडं उंच आणि गुळगुळीत, त्यांच्यावर निळा पट्टा. पायाखाली पानं सळसळतायत, वाट सपाट, ओढा डाव्या हाताला. मग एक झरा, तिथे साखळीला बांधलेला पत्र्याचा पेला. मग माळ, आणि माळावर एकटंच पेअरचं झाड. मग एक पांढरं कुत्रं, एका कानाचं, जे कबरस्तानापर्यंत सोबत आलं आणि तिथे आपलं काम संपल्यासारखं बसलं. सगळ्या जंगलाला सफरचंदांचा वास होता. पाय दुखत नव्हते. पाय होते की नाही हेसुद्धा कळत नव्हतं, इतकी ती हलकी झाली होती. आणि मागून लोरांदचा आवाज. लोरांद नेहमी मागूनच चालायचा. "तू हो पुढे, मला झाडं बघायचीत," म्हणायचा. हजार किलोमीटरांच्या वर ते दोघं चालले, आणि त्यातले बहुतेक किलोमीटर तिला नवरा दिसलाच नाही. नवरा म्हणजे मागून येणारी काठीची टकटक, अधूनमधून एक खोकला, आणि "डावीकडे बघ, सुतारपक्षी." ती कधी वळून बघायची नाही, कारण वळून बघायची गरजच नव्हती. त्या दिवशी मात्र आवाज फार जवळून येत होता, अगदी कानामागून. "हळू," तो म्हणत होता. "इथे मुळं आहेत. हं, आता आलं मोकळं." सबंध निळ्या वाटेवर इतका सुंदर दिवस दुसरा नव्हता, आणि त्या दिवसाइतका द्वेष तिनं दुसऱ्या कशाचाही केला नव्हता. कारण तो शनिवार होता, आणि सोमवारी हॉस्पिटलात तिचं मूल गेलं.

चौथा महिना होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाचा काही दोष नसतो. तिनं त्यांना चालल्याचं सांगितलंच नाही. सांगितलं असतं आणि ते क्षणभर गप्प बसले असते, तर त्या गप्प बसण्याचं ती काय करणार होती? अठरा किलोमीटर हा आकडा तिच्या अंगात जाऊन बसला. पोस्टात कुणी अठरा तिकिटं मागितली तरी ती मोजताना चुकायची. न्हाणीघरात पाण्यात बसली की ती मुठी वळून आपल्याच मांड्यांवर मारायची, ह्यांनीच केलं म्हणून. शेजारणीच्या मुलीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, आणि शारोल्ता त्या पावलाकडे न बघता स्वतःच्या बुटांकडे बघत होती. ही गोष्ट तिनं कुणाला बोलून दाखवली नाही. लोरांदलाही एकदाच, तीही अर्धीमुर्धी. हॉस्पिटलातून घरी येऊन आठवडा झाला होता, तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी चालायला नको होतं." लोरांदनं वर बघितलं. सुरीला बटाट्याचं साल लोंबत होतं. त्याचं तोंड उघडलं, काहीतरी शब्द निघणार तेवढ्यात ती किंचाळलीच. "नाही! एक अक्षर बोलायचं नाही त्या दिवसाबद्दल. आत्ता नाही, कधीच नाही. तुला माझी शपथ आहे." आणि मग ते उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. ते मिटणं तिला पुढे पुष्कळदा आठवायचं. तिला वाटायचं, तो 'हो, नको होतं' म्हणणार होता, आणि आपण ते अडवलं. लोरांद शब्दाचा इतका पक्का, की पुढच्या चोवीस वर्षांत त्यानं त्या शनिवाराचं नाव काढलं नाही.

ट्राम शेवटच्या थांब्यावर येऊन रिकामी झाली तरी ती बसून होती. ड्रायव्हर डोकावून म्हणाला, "ताई, इथून पुढे पायी." ती चपापून उतरली. दोन थांबे मागे चालत घरी आली, आणि कोट न काढताच लोरांदच्या खणाशी गेली.

त्याच्या खणात चष्मे होते, टोक केलेल्या पेन्सिली होत्या, कसल्यातरी पानांचं एक पाकीट होतं, आणि तळाशी त्याची वही. त्या वहीबद्दल घरात एक जुनी थट्टा होती. मुलाच्या जाण्यानंतर अकरा वर्षं त्यांनी निळ्या वाटेकडे बघितलं नाही. मग एके दिवशी लोरांदच नवे बूट घेऊन आला, दोन जोड, आणि ते दाराशी ठेवून काही न बोलता पेपर वाचत बसला. तिथून पुढे उरलेले टप्पे त्यांनी सवडीनं केले, कधी वसंतात दोन, कधी पानगळीत एक. शेवटचा शिक्का पडला तेव्हा ती म्हणाली, "चल, दोन्ही वह्या नेऊन देऊ." तेव्हा तो म्हणाला, "तू तुझी दे. माझं एक राहिलंय." ती हसली होती. लोरांद ताटातला पावाचा शेवटचा तुकडासुद्धा उद्यासाठी ठेवणारा माणूस. तिला वाटलं, ह्यालाही काहीतरी शिल्लक ठेवायचंय. "काय राहिलंय?" तिनं विचारलं, तर "बघू कधीतरी," म्हणून त्यानं विषय टाळला. मग त्याचा आजार आला, आणि वह्या जिथल्या तिथे राहिल्या. तो जाऊन आता दोन वर्षं होत होती.

तिनं वही उघडली. पानामागून पान तिचेच शिक्के, सरळ, स्वच्छ, दुसऱ्या कुणाच्या वहीत असावेत तसे अनोळखी. फुझेश ते कोवाचरेत. पान कोरं. तारीख नाही, शिक्का नाही. कागद इतका पांढरा, की तिनं त्याच्यावरून बोट फिरवून बघितलं.

ती स्वयंपाकघरात बसली आणि तिनं स्वतःला समजवायला सुरुवात केली. त्या दिवशी त्याची वही खोलीवर राहिली असेल. तिची बोटं थंडीनं आखडली असतील म्हणून त्यानं शिक्का मारला असेल. एवढ्यातेवढ्यावरून काय ठरवायचं? पण दुसरा एक विचार होता, आणि तो इतका मोठा होता की त्याच्याकडे सरळ बघायची तिची छाती होईना. लोरांद नियमाचा किती कडक. एकदा पाऊस आला म्हणून इतरांनी दोन किलोमीटर बसनं काढले, तर हा पठ्ठ्या आठवड्यानं परत जाऊन तेवढे दोन किलोमीटर चालून आला. जो टप्पा चालला नाही त्याचा शिक्का तो स्वतःच्या वहीत कधीच मारणार नाही. पण तिच्या वहीत? तिला आशा धरायची भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही लाज वाटली. सव्वीस वर्षं ज्या मांड्यांवर मुठी मारल्या त्या निर्दोष आहेत असं एकदा मानलं, आणि उद्या ते खोटं निघालं, तर ते मूल दुसऱ्यांदा जाईल. ते तिला झेपलं नसतं.

तिनं इरमाला फोन केला. इरमा तिच्याबरोबर चालणारी, तोंडाळ आणि जिवाला जीव देणारी.

"उद्या फुझेशला जाते."

"तो टप्पा झालाय तुझा. तूच एकदा सांगितलंयस. ते कुत्रं, तो सफरचंदांचा वास."

"एकदा बघून येते."

"आणि गुडघा?"

"गुडघाही बरोबर नेते."

"मी येऊ का?"

"नको."

"शारी," इरमाचा आवाज एकदम उतरला, "रडतेयस का?"

"कांदा चिरतेय," शारोल्ता म्हणाली. तिच्या समोर दोन वह्यांशिवाय काही नव्हतं.

पूर्व स्टेशनातून सकाळची गाडी, मग बस. फुझेश गाव सव्वीस वर्षांत म्हातारं होण्याऐवजी उलट रंग लावून बसलं होतं. झोफी नेनीच्या घरी ते दोघं उतरले होते, त्या घराला आता प्लॅस्टिकच्या खिडक्या होत्या आणि अंगणात उलट्या ठेवलेल्या सायकली. झोफी नेनी कधीच गेली असणार. कुंपणाशी सफरचंदाचं झाड होतं, फळांनी वाकलेलं. शारोल्ता क्षणभर थांबली, तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि निसटलं. ती ओढ्याच्या कडेनं निघाली.

पहिला एक किलोमीटर तिच्या आठवणीसारखाच होता, आणि त्यानं ती खचत चालली. ओढा डाव्या हाताला. झाडं उंच, गुळगुळीत. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये निळा पट्टा. वाट सपाट. 'मी इथे आले होते,' ती पुटपुटली, आणि पाय जड झाले. लांबून पाणी वाहताना ऐकू येत होतं, झाडांच्या मधे ऊन पडलं होतं आणि त्यात बारीक किडे तरंगत होते. सगळं कसं शांत आणि सुंदर होतं, आणि तिला वाटलं, इथेच खाली बसावं आणि परत जाऊच नये. तेवढ्यात एका झाडावर निळा पट्टा वळलेला दिसला. बाण उजवीकडे, वर.

वरून एक म्हातारबुवा दोन काठ्या टेकत उतरत होते. टोपी मागे सरकलेली, तोंड लालबुंद.

"नमस्कार. वर जाताय? देव तुमचं भलं करो."

"फार आहे का चढ?"

"दोन तास. इथले लोक ह्याला सासूचा जिना म्हणतात. एक पायरी संपली की दुसरी बोलायला लागते." स्वतःच्याच विनोदावर ते खोकेपर्यंत हसले. "पहिल्यांदाच का ह्या टप्प्यावर?"

"तेच बघायला आलेय," शारोल्ता म्हणाली.

ते पुन्हा हसले. त्यांना वाटलं, तिनंही विनोदच केला.

चढ सुरू झाला. वाट नव्हतीच, नुसता डोंगर उभा केलेला. मुळांना धरून, दगडांना धरून, एक पाऊल वर आणि अर्धं खाली. पाच मिनिटांत तिचा श्वास तोंडातून यायला लागला. दहा मिनिटांत पोटऱ्या थरथरायला लागल्या. तिनं मनातल्या मनात तो दिवस पुन्हा उघडला आणि त्यात चढ शोधला. झरा होता, माळ होता, कुत्रं होतं. चढ नव्हता. तिनं पुन्हा शोधलं. हजार किलोमीटरांतला प्रत्येक चढ तिच्या गुडघ्यांना ठाऊक होता. कुठे कोणता दगड हलतो, कुठे बसून पाणी प्यायलो, कुठे लोरांदला शिवी दिली, सगळं. माणूस देखावे विसरेल, गावांची नावं विसरेल, पण असा चढ कुणी विसरत नाही. पाऊण तासानं वर बघितलं तरी वर डोंगरच होता. ती एका जाड मुळावर बसली, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि तिला अगदी शांतपणे, अगदी स्पष्ट कळलं, की ह्या जागी आपण आयुष्यात पहिल्यांदा बसलोय.

आणि मग ती खोली आली. एकदम नाही, भिंतीभिंतीनं आली. पांढरं धुकं म्हणजे झोफी नेनीच्या खोलीतला पडदा, त्यातून येणारा दिवसाचा उजेड आणि अंगावरचं परांचं जाड पांघरूण. रात्री रक्त दिसलं होतं. पहाटे कुणीतरी गावचा डॉक्टर आणला, त्यानं सुई टोचली आणि म्हणाला, हलायचं नाही. ती रडत होती. मुलासाठी नव्हे, मूल जाईल असं तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं. ती रडत होती टप्पा बुडाला म्हणून, कारण मूल यायच्या आत ह्या बाजूचे सगळे टप्पे संपवायचं त्यांचं ठरलं होतं. सुईनं डोळे जड झालेले. कपाटावर झोफी नेनीनं हिवाळ्यासाठी सफरचंदं मांडून ठेवलेली, खोलीभर त्यांचा वास. लोरांदनं खुर्ची उशाशी ओढली, तिच्या डोक्याच्या मागे, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. त्यानं मांडीवर नकाशा उलगडला. पायाखालच्या पानांची सळसळ ती ह्या कागदाचीच. "डोळे मीट," तो म्हणाला. "निघू या आपण. बूट घातलेस? चल. तू हो पुढे." आणि दिवसभर, जेवायलासुद्धा न उठता, तो तिला चालवत राहिला. नकाशात झरा होता, त्यानं त्याला पत्र्याचा पेला दिला. नकाशात एकटं झाड होतं, ते त्यानं पेअरचं केलं. कुत्रं नकाशात नव्हतं, ते तिला हसवायला आणलं. ह्या डोंगराच्या रेषा त्याच्या बोटाखाली एकमेकींना चिकटलेल्या असणार. असल्या रेषा काढण्यात त्याचा जन्म गेला होता, चढ किती आहे हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? "चढ आहे का रे?" तिनं झोपेतच विचारलं होतं. तो जरा थांबला होता. "छे," म्हणाला. "इथून पुढे सगळं सपाट."

संध्याकाळी बाहेर मोटारसायकल थांबली होती. कुणाच्यातरी मागे बसून तो कोवाचरेतला जाऊन आला होता. त्याच्या कोटाला पेट्रोलचा आणि थंडीचा वास येत होता. त्यानं तिची वही तिच्या डोळ्यांपुढे धरली. "हे बघ. पोचलो आपण." आणि ती म्हणाली होती, "पाय दुखतायत रे." तेव्हा त्यानं पांघरुणाखाली हात घालून तिचे पाय दाबले होते.

"लबाडा," शारोल्ता मोठ्यानं म्हणाली. "अरे लबाडा! बोलायचं नाहीस का? एकदा, एकदा तरी शपथ मोडायचीस!" तिला इतका राग आला की तिनं काठी दगडावर आपटली. पण ते उघडलेलं तोंड तिला दिसलं, सुरीला लोंबणारं साल दिसलं, आणि ते तोंड कुणी मिटवलं होतं हेही दिसलं. तो काय सांगणार होता ते आता सव्वीस वर्षांनी ह्या मुळावर बसून तिला ऐकू आलं. 'अगं, तू चाललीच नाहीस.' एवढंच. आपल्याला किती लागतंय हे त्याला कळलं नसणार. आपण कळू दिलं नाही. त्याला वाटलं असणार, ती दुःखानं काहीही बोलतेय. किंवा त्याला सगळं कळलंही असेल, आणि म्हणून ते पान त्यानं कोरं ठेवलं असेल, कधीतरी ती आपणहून उघडेल म्हणून. हे आता कुणाला विचारायचं? ती रडली. भरपूर, आवाज करून रडली, त्या मुलासाठी, जे आता कुणाच्याच पायांनी गेलं नव्हतं, नुसतं गेलं होतं. मग तिनं नाक पुसलं आणि आपल्या दोन्ही मांड्यांवरून, गुडघ्यांवरून, पोटऱ्यांवरून सावकाश हात फिरवला. "चला बायांनो," ती पायांना म्हणाली.

पुढचा रस्ता तिला धड आठवत नाही, किंवा फार चांगला आठवतो, तिचं तिलाच ठरवता यायचं नाही. चढ संपला तेव्हा वारा लागला. झरा होता, पेला नव्हता. ती ओंजळीनं प्यायली. माळावर एकटं झाड होतं, पण ते पेअरचं नव्हतं, रानचेरीचं होतं. "चुकलास," ती मागे न बघता म्हणाली. सफरचंदांचा वास कुठेच नव्हता. कबरस्तानापाशी तिनं थांबून कुत्र्यासाठी दोन्ही बाजूंना बघितलं, आणि आपण बघितलं ह्याचं तिला हसू आलं. पायाखाली पानं वाजत होती. कधी वाटायचं ती तिच्या पावलांच्या मानानं जरा जास्तच वाजतायत. पण तिनं वळून बघितलं नाही.

कोवाचरेतचा शिक्का पूर्वीसारखाच गावच्या गुत्त्यात होता, बिअरच्या नळाशेजारी साखळीला टांगलेला. आत दोन म्हातारे पत्ते खेळत होते. गल्ल्यावरची जाडजूड बाई शारोल्ताच्या बुटांकडे बघून म्हणाली, "जिना चढून आलात वाटतं. काय देऊ?"

"आधी शिक्का."

"शाई वाळलीय हो. लोक थुंकून मारतात."

"शाई आहे माझी," म्हणून शारोल्तानं पिशवीतून पोस्टातली जुनी डबी काढली. आपली वही उघडून त्या पानावर ठेवली. कललेला, थापलेला, अर्धवट शिक्का. इतका वाईट शिक्का सबंध निळ्या वाटेवर दुसरा नसेल. केमेनेशच्या टेबलावर ही वही आता परत जाणार नव्हती, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

गल्ल्यावरच्या बाईनं मान वाकडी करून बघितलं. "हा कुणी मारलाय असला? शेजारी जागा आहे, तिथे मारा की नवा."

"नको. ते पान भरलंय," शारोल्ता म्हणाली, आणि तिनं लोरांदची वही उघडली. कोरं पान तळहातानं सपाट केलं. शाई एकदाच लावली. मनगट सैल सोडलं. शिक्का सरळ खाली, आणि सरळ वर. कोवाचरेत, सगळी अक्षरं.

"वा!" बाई म्हणाली. "हात आहे हो तुमचा. पण तारीख घाला ना."

"तारीख तो लिहितो."

"तो म्हणजे? ही वही तुमची नाही?" बाईचे हात कमरेवर गेले. "नियम ठाऊक आहे ना, बाई? ज्याची वही त्यानं स्वतः चालायचं. माणूस कुठाय?"

पत्ते खेळणाऱ्यांनीही माना वर केल्या. शारोल्तानं शाई वाळेपर्यंत पानावर हळू फुंकर घातली. मग वही मिटली, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली, आणि बुटांच्या नाड्या सैल करायला लागली.

"येतोय मागून," ती म्हणाली. "त्याला झाडं बघायची असतात."